पाइनच्या रोपाचं ऊन

झाड जपायचं म्हणून तुम्ही त्याला कधी अंधारात ठेवलं आहे का? मी ठेवलं होतं. तीन महिने, आणि तेही मोठ्या प्रेमानं.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. दिवाळीला तो सुटीवर आला आणि छावणीजवळच्या डोंगरावरून पाइनचं एक रोप घेऊन आला. पत्र्याच्या डब्यात, वीतभर उंच, सुयांसारख्या पानांचं. "थंडीतलं झाड हाय, जप," एवढं म्हणाला आणि आठ दिवसांनी परत गेला. आई-वडील पेडगावला, मी गंगाखेडला एका कचेरीत कारकून. भाड्याच्या खोलीत मी आणि ते रोप.

आमच्या भागात थंडावा म्हणजे अंधार. उन्हाळा आला की दारं लावून घ्यायची, माठाला ओलं पोतं गुंडाळायचं. मी रोपाचंही तेच केलं. कोपऱ्यात माठाशेजारी ठेवलं, डब्याला पोतं गुंडाळलं. कचेरीतून आलो की त्याला दिवसभराचं सांगायचो. दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं. संक्रांतीपर्यंत त्याचा शेंडा लांबला, फिकट झाला, दाराच्या फटीकडं वाकला. वाढतंय, असं मी भावाला पत्रात कळवलंसुद्धा. मग सुया पिवळ्या पडून गळायला लागल्या.

सरकारी विश्रामगृहाच्या बागेत एक म्हातारा माळी होता. त्याच्याकडं डबा घेऊन गेलो. त्यानं माती चिमटीत घेतली, शेंडा पाहिला आणि हसला.

"काय साहेब, याला कैदेत टाकलं व्हतं काय?"

"थंडीतलं झाड आहे म्हणून..."

"थंडी मागतंय खरं. पन अंधार कुठं मागतंय? डोंगरावर याच्या डोक्यावर कोन छप्पर घालतंय?"

मग त्यानं नीट सांगितलं. पाइनला थेट ऊन लागतं, रोज निदान सहा तास. नुसता उजेड दिसला म्हणजे ऊन मिळालं असं नाही. घरात ठेवायचंच तर दक्षिणेच्या खिडकीत, अगदी गजांजवळ, आणि आठवड्याला डबा थोडा फिरवायचा, नाहीतर झाड एका अंगाला कलतं. पण त्याची खरी जागा बाहेर. अंधारातून काढलेलं रोप एकदम भर उन्हात ठेवलं तर करपतं, म्हणून आधी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. वैशाखात दुपारी तेवढी सावली धरायची.

माझ्या खोलीला दक्षिणेची खिडकी होती. ती घरमालकाच्या अंगणात उघडायची, पण तिची कडी बाहेरून लावलेली होती. घरमालक शिक्षक. समतेवर सुरेख भाषण करायचे. आम्ही बौद्ध, हे ठाऊक असून त्यांनी खोली दिली होती. देताना म्हणाले होते, "आमी काही मानत न्हाई. पन आई म्हातारी हाय. तिच्यासाठी अंगणात तेवढं येऊ नका." मी मागच्या बोळातून ये-जा करायचो.

आता रोपासाठी ती खिडकी उघडाल का, असं मालकांना विचारणं भाग होतं.

"ठेवा की डबा अंगणात," ते म्हणाले. "पानी आई घालील. तुमी कशाला तरास घेता?"

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील चळवळीच्या सभांमधून आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. त्या क्षणी त्यातली सगळी वाक्यं मला आठवली. तरी मी डबा अंगणाच्या कडेला ठेवून मागं फिरलो. रोप मरत होतं.

खिडकीच्या फळ्यांना फट होती. तिथून मी पाहिलं. म्हातारीनं आधी डब्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तो चहूबाजूंनी धुऊन घेतला, आणि मगच हात लावून उन्हात सरकवला. माझा हात लागलेला डबा होता तो.

नंतर रोज सकाळी तिचा आवाज यायचा. "पी रं लेकरा. लय लांबून आलास." मी फटीशी उभा राहून ऐकायचो. तीन आठवड्यांत शेंड्याला हिरव्या सुयांचा झुबका आला. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाज वाटायची.

एका रविवारी मी माझा तांब्या भरला, बोळातून वळसा घालून पुढच्या दारानं अंगणात गेलो आणि रोपाला पाणी घातलं. मालक बाहेर आले.

"अहो, हे काय करायलात?"

"माझ्या झाडाला पाणी घालतोय."

"आपलं काय ठरलं व्हतं?"

"ते चुकीचं ठरलं होतं, गुरुजी. शाळेत तुम्हीच शिकवता."

त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. डबा काखेत घेऊन निघालो तेव्हा म्हातारी दारात उभी होती. तिनं लांबूनच विचारलं, "आता पानी कोन घालील त्याला?"

"मीच."

ती आत गेली.

गावाच्या टोकाला आमच्या लोकांच्या वस्तीत मला पत्र्याची खोली मिळाली. दारासमोर दिवसभर ऊन. रोप तिथं जोमानं वाढायला लागलं. पण खरं सांगतो, पहिल्या कित्येक सकाळी मी पाणी घालताना म्हातारीचा आवाज आठवून मध्येच थांबायचो. त्या घरात माझ्या कानावर पडणारा माणसाचा तो एकच मायेचा आवाज होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. तरी मला त्याची सवय झाली होती. नव्या शेजाऱ्यांशी ओळख व्हायला वेळ लागला. डबा अंगणात गेला तेव्हापासून रोपाशी बोलणंही बंद होतं.

तुमच्या अंगणात ऊन पडत असेल आणि तुमच्या भाडेकरूचं एखादं रोप तिथं असेल, तर उद्या सकाळी त्या भाडेकरूला पुढच्या दारानं बोलवा. तुमचा तांब्या भरून त्याच्या हातात द्या, आणि पाणी त्यालाच घालू द्या.