एकट्या माणसाचं घर

सिनेमातलं घर म्हणजे पुढून भिंत आणि मागून टेकू. अशी घरं मिस्त्रींनी किती उभी केली आणि किती पाडली, त्याचा हिशेब त्यांनाही सांगता आला नसता. महाल, तुरुंग, दवाखाने. एकदा तर त्याच फळ्यांचं आधी न्यायालय झालं आणि मग कोंबड्यांचं खुराडं. आणि खुद्द मिस्त्रींच्या न्हाणीघराचं दार? ते खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माणूस हाताचा सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

नवा सिनेमा आला होता. एकाच माणसाची दोन आयुष्यं. एकात तो ठरलेल्या मुलीशी लग्न करतो, दुसऱ्यात आदल्या दिवशी गाडीत बसून पळून जातो आणि जन्मभर एकटा राहतो. दोन आयुष्यं म्हणून दोन घरं, आणि दोन्ही मिस्त्रींनी बांधायची. ही गोष्ट जेवताना त्यांनी बायकोला रंगवून सांगितली. सेटवरचे सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

वहिनींनी ऐकलं आणि सहज विचारलं, "अहो, आणि आपलं लग्न झालं नसतं तर?"

मिस्त्रींच्या तोंडात घास होता. तो गिळायच्या आत उत्तर बाहेर पडलं.

"मग काय, मजा!"

बोलले आणि स्वतःच हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यालाही कारण होतं. लग्नाच्या वेळी मिस्त्रींना परदेशातल्या एका मोठ्या फर्निचरवाल्याने बोलावलं होतं. वहिनींचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना टाकून वहिनींना जाववेना, तेव्हा मिस्त्रींनीच जाणं रद्द केलं. त्याबद्दल पुढे ते अवाक्षर बोलले नाहीत. पण माझ्यापायी हा माणूस इथे अडकला, ही सल वहिनींनी आत जपून ठेवली होती, आणि नवऱ्याने नेमका तिथेच खिळा ठोकला.

भांडण झालं असतं तर बरं. वहिनी तशा एक घाव दोन तुकडे करणाऱ्या. पण त्या गप्पच झाल्या. हो, नाही, वाढू का, एवढंच. मिस्त्री कासावीस झाले. समजूत कशी काढायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांनी न्हाणीघराचं दार तासलं.

"लागतंय बघ आता," ते म्हणाले.

"आता कशाला?" वहिनी म्हणाल्या.

उशिरा सुचलेलं शहाणपण ते हेच. मग मिस्त्रींनी दुसरी युक्ती काढली. शूटिंगच्या दिवशी जेवणाचा डबा मुद्दाम ओट्यावर विसरायचा. ती आणून देईल, आपलं काम बघेल, चार शब्द बोलेल. आणि खरंच, दुपारी वहिनी डबा घेऊन फाटकाशी हजर. तिथेच देऊन परतायचा त्यांचा बेत होता. पहारेकऱ्याने ऐकलं नाही. "आत जा हो वहिनी, मिस्त्री दर पाच मिनिटांनी येऊन तुम्ही आलात का विचारतायत."

आत दुसऱ्या घराचं शूटिंग चाललं होतं, त्या पळून गेलेल्या, एकट्या माणसाचं. वहिनी माणसांच्या मागे उभ्या राहिल्या. नायक चांगला सहा फुटी. तो शेगडी पेटवायला वाकला, पेटवली, सरळ झाला, आणि खाडकन डोकं वरच्या फळीवर. कपाळमोक्षच व्हायचा.

"कट!" दिग्दर्शिका ओरडली. पोर वयाने लहान, पण नजर घारीची. "मिस्त्री! हा माणूस एवढा उंच, एकटा राहतो. फळी एवढी खाली कुणासाठी?"

मिस्त्री पुढे आले. फळीकडे बघत राहिले. आपण ठोकलेली फळी आपल्यालाच नवी वाटावी, असा चेहरा.

"आणि दाराशी खुंट्या दोन का? एक वर, एक खाली? आणि खिडकीतली ही बैठक? दोन माणसं आरामात मावतील. कोण राहतंय इथे याच्याबरोबर?"

"चुकलं मॅडम," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "मी फळीला टेप लावत नाही. हनुवटीशी हात आडवा धरतो आणि खूण करतो. घरी तसंच करतो. सवयीने हात तिथेच गेला."

सेटवर खसखस पिकली. तेवढ्यात गर्दीतून वहिनी पुढे आल्या. अंगाने लहानखुऱ्या, मिस्त्रींच्या जेमतेम खांद्याला लागायच्या. त्यांनी टाच न उचलता हातातला डबा अलगद त्या फळीवर ठेवला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ही माझी उंची आहे."

मिस्त्रींचे कान लाल झाले. वहिनींचे डोळे भरून आले होते, आणि त्या आनंदात होत्या, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

दिग्दर्शिका फळीकडे बघत म्हणाली, "फार छान. पण फळी वर न्यावी लागेल हो. सिनेमात तुम्ही नाही आहात."

फळी काढली. वर ठोकायची तर दुसऱ्या टोकाला धरायला कुणीतरी हवं होतं. दोन माणसं पुढे झाली, पण वहिनींनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि स्वतः चढल्या.

मिस्त्रींनी खूण केली. वहिनींनी खाली उतरून हात वर केला. "पोचतोय. आणखी वर घ्या."

पुन्हा खूण. पुन्हा त्या उतरल्या, टाचा उचलल्या, बोटं लागली. "अजून पोचतोय."

"अगं, किती वर?"

"मी नाही ना इथे? मग पोचायला नको."

शेवटी बोटं हवेतच राहिली. वहिनी पुन्हा स्टुलावर चढल्या, फळी धरली, आणि मिस्त्रींनी खिळा ठोकायला घेतला. तीन वेळा वाकडा गेला. एवढ्या वर्षांत कुणी असं पाहिलं नव्हतं.

"हे घर काही मला जमत नाही बुवा," ते पुटपुटले.

"नाहीच जमायचं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या, आणि फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून पोटभर हसल्या.