जळल्या माळावरची रानतूर

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीनं तिच्या स्मरणाच्या, दिवशी बाबांनी बारवी धरणाजवळ मामाच्या माळावर आंबे आणि फणस लावले. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर ते बदलापूरहून एसटीनं मामाच्या पाड्यावर जायचे आणि खालच्या बोअरिंगवरून पाण्याचे कॅन वर न्यायचे. आईशी कधी बोलले नाहीत एवढं रोपांशी बोलतात, असं मामी सांगायची.

रोपं कमरेएवढी झाली त्या उन्हाळ्यात पलीकडच्या टेकडीवर कुणीतरी गवत पेटवलं. वाऱ्यानं वणवा आमच्या माळावर आला. पाड्यावरची माणसं ओल्या डहाळ्या घेऊन धावली, बाबाही धावले. त्यांचे हात पोळले, पण लावलेलं एकही रोप वाचलं नाही. मी पोचले तेव्हा ते मामाच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "तुझी आई दुसऱ्यांदा गेली."

मी उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात मी त्यांना बळेच माळावर नेलं. गवतात जिकडेतिकडे रानतूर पसरली होती आणि जळलेल्या पळसाला बुडातून फुटवे आले होते. मी सांगितलं, आगीच्या धगीनं रानतुरीच्या बियांचं टणक कवच तडकतं, म्हणून वणव्यानंतर ती अशी उगवते. मग एक रोप उपटून मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या. आगीत मातीतलं नत्र उडून जातं, आणि या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र घेऊन ते हळूहळू भरून काढतात.

बाबांनी गाठींवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे माती बरी होईल?"

"होईल. पण वेळ लागेल, आणि पुन्हा पुन्हा आग लागता कामा नये."

त्यांनी ते रोप पुन्हा मातीत खोचलं. मग म्हणाले, "आंबे तू लाव, बाळा. माझ्याच्यानं आता व्हायचं नाही."

त्यानंतर ते माळावर आले नाहीत. थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले.

पुढच्याच मार्चमध्ये मामाचा फोन आला, माळ पुन्हा पेटला. तेव्हापासून दर दिवाळीनंतर मी आणि मामा-मामी मिळून कडेचं गवत कापतो, आग आत येऊ नये म्हणून माळाभोवती मोकळा पट्टा ठेवतो. यंदा रोपवाटिकेपर्यंत गेले होते. आंब्याच्या कलमांसमोर थोडा वेळ उभी राहिले आणि कलम न घेताच परत आले; माती अजून बरी व्हायची आहे.