बंद टॅबवरचा धडा

शाळेत बाई असताना मी एकदा चौथीच्या पोरांना चक्क बंद टॅबवर शिकवलं. काल नातीने नव्या मोबाईलचं खोकं उघडलं आणि त्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या वासाने माझा तो मूर्खपणा पुन्हा आठवला. शाळेला असेच कोरे टॅब आले होते; त्यांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ घरी नुसते चालू ठेवून मी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या होत्या, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं, पण टॅब सुरू करता येईना. वरून मात्र फर्मान, पोरं टॅबवर शिकतानाचा फोटो आजच्या आज पाठवा! पोरं काय शिकली हे एकाही साहेबाने विचारलं नाही. मग मी शहाणीने काळेठिक्कर टॅब पोरांच्या हाती दिले आणि दरडावलं, “दिसतंय ना सगळं?” “हो बाई!” सगळी ओरडली, एक मुलगी सोडून. फोटोला शाबासकी आली, मी फुगले. इकडे आपल्या एकटीलाच दिसत नाही म्हणून ती मुलगी घरी रडत बसली. तिची आई सोयाबीनची सोंगणी टाकून तिला मंगरूळपीरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी थेट वर्गात आली. साहेबांचा मला अजून राग येतो, माझा त्याहून जास्त. सगळ्या पोरांसमोर ती आई म्हणाली, “पोरीचे डोये चांगले हायेत म्हणे डाक्टर. आता तुमचे दाखवून या, बाई.”