बोकडाच्या कातड्याचं घुमट

पार्शे गावचा सगुण तोंडानं बोलायचा कमी, आणि बोललाच तर समोरच्याचं डोकं फिरवायचा. पण गणेशचवथीच्या आरतीला मांडीवर घुमट घेऊन बसला की त्याचे सगळे गुन्हे माफ! घुमट म्हणजे मातीचं मडकंच, फक्त दोन्हीकडे तोंडं असलेलं. मोठ्या तोंडावर कातडं ओढून बांधायचं आणि धाकट्या तोंडावर डावा तळवा उघडझाप करत राहायचा. सगुणच्या शेजारी गोपाळ बसायचा, आणि मागे काठ्यांनी वाजणाऱ्या शामेळाचा ठेका. पोरपणापासूनची जोडी. एकानं सवाल टाकावा, दुसऱ्यानं जबाब द्यावा, आणि भटजींनी पंचारती ओवाळायची विसरून बघत राहावं.

गोव्याचं राज्य झालं त्या सुमाराला मराठी की कोकणी यावरून गावागावांत केवढे तंटे झाले! भाऊ भावाशी बोलेना. या दोघांचं त्यावरून काही बिनसलं नाही. बिनसलं ते घोरपडीवरून.

घुमटाला कातडं घोरपडीचंच, हे वाडवडलांपासून चालत आलेलं. आरतीच्या मंडळीतली सगळी घुमटं सगुण मढवायचा. एका वर्षी चवथीच्या तोंडावर एक घोरपड सोलताना तिच्या पोटात अंडी निघाली. पसाभर पांढरी, मऊ अंडी. सगुण ती हातात घेऊन बसूनच राहिला. त्याच्या लहानपणी काजूच्या डोंगरावर जाल तिथे घोरपड सळसळायची. आता डोंगर पालथा घातला तरी एखादी दिसायची मारामार. त्यानं ती अंड्यांसकट पुरली आणि घोरपडीचं नाव टाकलं. वनखात्याची बंदी तशी जुनीच होती, पण तिला विचारत होतं कोण!

पुढच्या शिमग्यात गोपाळच्या घुमटाचं कातडं फाटलं. तो नेहमीसारखा सगुणकडे आला. सगुण म्हणाला, "बोकडाचां लावन दितंय."

"तुका खूळ लागला काय रे? बोकडाचां शामेळाक. घुमटाक घोरपडच व्हयी."

"मगे तूच मढव."

झालं! दोघंही हट्टाचे, माघार घेणार कोण? बोलणं बंद झालं. पण सगुणच्या जिवाला चैन कुठली! गोपाळनं आपल्या शेजारी बसून बोकडाच्या कातड्यावर वाजवावं, एवढंच त्याला हवं होतं. बाकीच्या गावानं वाहवा केली काय आणि नाही केली काय.

त्यानं बोकडाचं कातडं आणून मढवलं, तर ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज. पुन्हा आणलं, काचेनं खरवडून पातळ केलं, तर फाटलं. मग कोवळ्या बोकडाचं आणून, बेतानं खरवडून, ओलं असतानाच ताणून बांधलं आणि सावलीत वाळवलं. ज्येष्ठाच्या अखेरीला एकदाचं ते घुमलं. सगुणच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याची बायको शालिनी म्हणाली, "आत्ताच जावा नि गोपाळभावजींका आयकवा."

"नाय. चवथीक. सगळ्यांच्या म्होरे तोंडात बोट घालूक लायतंय तेका."

काय म्हणावं या माणसाला! पुढच्याच आठवड्यात गोपाळ स्वतः दारात आला. इतक्या महिन्यांनी! "सगुणा, आसस काय रे?" ऐकल्याबरोबर सगुणनं मांडीवरचं घुमट पोत्याखाली सारलं.

"काय व्हया?"

"शेवटचां इचारतंय. मढवून दितलस?"

"घोरपडीचां? नाय."

गोपाळ थोडा वेळ उंबऱ्याशी रेंगाळला आणि गेला. सगुणला हाक मारावीशी वाटली. पण चवथ दोन महिन्यांवर आली होती, आणि गंमत त्याला मोडायची नव्हती.

गोपाळ तिथून तडक डोंगरावर गेला. घोरपड समजून त्यानं बिळात हात घातला, तर आत नाग. म्हापशाच्या इस्पितळात न्यायला गाडी मिळाली, पण कोलवाळचा पूल यायच्या आत सगळं आटोपलं.

सगुणनं ती चवथ घरात बसून काढली. कुणी म्हणालं सातेरी देवी कोपली, कुणी म्हणालं सगुणनं मढवून दिलं असतं तर माणूस वाचला असता. त्यानंतर मात्र मंडळीतले एकेक जण मुकाट्यानं आपली घुमटं घेऊन त्याच्याकडे यायला लागले. "बोकडाचांच लाव रे," म्हणाले. त्यानं सगळ्यांची मढवून दिली.

पुढच्या चवथीला गोपाळच्या घरी त्याच्या भावानं, महादेवनं, गणपती आणला. आरती अशी रंगली की विचारू नका. संपल्यावर म्हातारी माणसंसुद्धा सगुणची पाठ थोपटून म्हणाली, "घोरपडीक मागे टाकलंस रे!" मंडळी बाहेर पडली. सगुण शामेळाजवळ एकटाच राहिला, तेव्हा गोपाळची बायको गंगा दाराआडून पुढे आली.

"भावोजी, ह्यां घुमट तेंका एकदा तरी आयकवलास?"

खोटं बोलता आलं असतं. कोण पाहायला आलं होतं?

"नाय."

"तेवा तयार नाय आसललां?"

"आसललां," सगुण म्हणाला. "तो दारात आयलो तेवा पोत्याखाली आसललां."

गंगा रडेल, शिव्या घालेल, निदान तोंड तरी फिरवील, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं होतं. ती घुमटाकडे नुसती बघत राहिली.

"तेंका आवाडलां आसतां," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या घरची आरती खोळंबली होती. अंगणातून सगळे सगुणला हाका मारत होते, आणि त्याला उठता येईना.