शेवंताची रास

कॉलेजसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी आबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात मुळा नदीच्या काठाने कोतूळकडे निघाली. तेव्हा आमच्या वाडीला रस्ता नव्हता. बाजार, दवाखाना, एसटी, सगळं त्या पायवाटेच्या टोकाला. आई दारातूनच आत वळली, तिला रडू दाखवायचं नव्हतं. आबा वाटभर माझ्या चपलांवरच बोलत होते. असल्या चपला शहरात टिकायच्या नाहीत म्हणे.

नदीच्या वळणावर, जांभळाखाली ते थांबले. तिथे दगडांची एक रास आहे. आबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या शेवंता, तिथे सापडली होती. पाणी चढत असताना तिने लहानग्या आबांना खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, त्यांना काठावर ढकललं आणि स्वतः वाहून गेली. दहा-बारा वर्षांची पोर. तिच्या आईने तिथे पहिला दगड ठेवला आणि पुढे रीतच पडली: त्या वाटेने जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा आणि शेवंताचं नाव घ्यायचं. बाजाराला निघालेल्या बायका एका हाताने डोक्यावरची पाटी सावरत वाकायच्या. घाई असली तरी ती जागा कुणी तशीच ओलांडत नसे.

"ठिव दगूड आन् सांग तिला," आबा म्हणाले. "जाते म्हनू नको. येते म्हन."

मी 'येते' म्हटलं. पुढे नोकरी लागली, हिंजवडीला फ्लॅट झाला. आई गेली. नदीपलीकडून डांबरी रस्ता आला, पूल झाला आणि मी गाडीने थेट दारात उतरू लागले. पायवाट मोडली. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना हे नवं नाही. रस्ता झाला याचा आपल्याला केवढा आनंद झाला होता!

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या ग्रुपवर ट्रेकचा मेसेज आला. मुळेच्या काठाने चालत जायचं, वाटेत जुनी देवळं, दुपारी गावरान जेवण. नकाशा पाहिला तर आमचीच पायवाट! हसावं की रडावं कळेना. माझ्याच वाटेवर चालायला मी पैसे भरले. आबांना कळवलं नाही, म्हटलं गंमत करू. रविवारी पाहुणे जेवायला येतात, एवढं ते फोनवर म्हणाले होते. म्हातारपणी सोबत झाली म्हणून मला बरंच वाटलं होतं.

ट्रेकचा लीडर हुशार होता. महादेवाच्या देवळापाशी त्याने वीरगळ दाखवले. ज्या दगडाला आम्ही दप्तरं टेकवायचो, तो कुणा लढून मेलेल्या माणसाचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. मग वळण आलं. जांभळाला पत्र्याची पाटी ठोकलेली होती: 'राणीची समाधी'. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून एका सरदाराच्या राणीने इथे डोहात उडी घेतली, असं लीडर सांगू लागला. एक दगड ठेवा आणि विश मागा. सगळ्यांनी ठेवले, सेल्फी काढले. मी लीडरला बाजूला घेतलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आपण जेवायला जातोय ना, त्या आबांनी. त्यांच्या घराण्यात चालत आलेली गोष्ट आहे."

अंगणात चुलीवर भाकरी चालू होत्या. आबा नवा फेटा बांधून खाटेवर बसले होते. मला पाहून एक क्षण अडखळले, मग ट्रेकच्या मुलांनी आग्रह केला तसं राणीचं आख्यान पुन्हा लावलं. पार घोड्यासकट. मुलं टाळ्या वाजवत होती. मी पिठल्याला हातही लावला नाही.

मोरीपाशी त्यांना गाठलं. "आबा, जिने तुम्हाला वाचवलं, तिचं नाव पुसलंत तुम्ही!"

आबा हात धुवत राहिले. "पुसाया ऱ्हायलं हुतं कुटं? रस्ता पल्याड गेला, वाटंनं चिटपाखरू न्हाई. रास गवतात गेल्ती. मी एकलाच जायचो. तू बी गाडीनंच येती की." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाडीतल्या पोरीपायी कोन थांबतंय? रानीपायी थांबत्यात. दगूड तर शेवंतालाच मिळतोय न्हवं?"

मला राग आला. अजून आहे. खरं सांगितलं असतं तर कुणीतरी थांबलंच असतं, असं मला वाटतं. पण त्यांना हे म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, कारण मीच थांबले नव्हते.

परतीला त्याच वळणावर मी मागे राहून दगड ठेवला. रास माझ्या कंबरेपर्यंत आली होती, आमच्या लहानपणी नव्हती एवढी. ऑफिसातल्या मैत्रिणीने हाक मारली, "काय मागितलंस गं?" मी म्हटलं, प्रमोशन. ती हसली.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून मुळेकाठचं सांगते. तिथली जुनी माणसं एकेक करून गेली. ती रास कुणाची, हे जाणणारी आता दोनच माणसं उरली आहेत. त्यातला एक खोटं सांगतो आणि दुसरी पुण्यात राहते.