दर्यावरची हवा

होडी थांबली की नाखवा आधी एक तळवा पाण्याच्या अगदी लगत धरायचे, मग तोच हात उंच करायचे. "सायेब, खालची हवा एक हाय, वरची दुसरी. आता सोडा तुमचं यंत्र!"

तारापूरच्या किनाऱ्यावर हवा मोजायची माझी नोकरी. राहायला बोईसरजवळ सालवडला, भाड्याच्या खोलीत. यंत्र बांधलेला फुगा समुद्रावरून सोडायचा आणि कुठल्या उंचीवर गारवा, कुठे ऊब, किती दमटपणा ते नोंदवायचं. त्यावरून धुक्याचा अंदाज यायचा. नाखव्यांच्या होडीनं जायचो आणि मला हमखास बोट लागायची. ते खिशातून लिंबू काढायचे. "चोखा. बोईसरचं पोट हाय, दर्या कसा सोसंल!"

उद्या होड्या काढायच्या का, हे गाव नाखव्यांना विचारायचं आणि नाखवा मला. एवढा जाणता माणूस, पण माझ्या आकड्यांवर केवढा विश्वास! मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी, थंडी सरत होती. नाखवा बायकोला डॉक्टरकडे बोईसरला घेऊन गेले होते. मला ओकाऱ्यांचा कंटाळा आला होता. मी फुगा सरळ वाळूवरूनच सोडला. जमिनीवरची हवा कोरडी, आकडे छान आले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दर्यावर जाऊन आलात ना?"

"हो, दुसऱ्याच्या होडीनं. धुकं नाही."

त्यांनी गावाला होड्या काढायला सांगितलं. पहाटे समुद्रावर धुकं असं उतरलं की आपलाच हात दिसेना. नाखव्यांच्या धाकट्या भावाची होडी खडकावर फुटली. तो बुडाला.

बंदरावर लोक खवळले. "कोनी सांगितलं रं, धुकं नाय म्हनून?" मला त्या दिवशी कोणीच होडीतून नेलं नव्हतं, हे तोवर नाखव्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माजंच चुकलं," म्हणाले.

नंतर मी हात जोडले. "नाखवा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"लोकांनी तुमचं यंत्र फोडलं असतं. मग दर्यावरची हवा बघनार कोन? आता तरी रोज जा."

रोज गेलो, ओकत ओकत गेलो. पण गावानं नाखव्यांना विचारणं सोडलं ते सोडलंच. आणि मी भेकड, गप्प राहिलो.

यंदा नाखवा वारले. दहाव्याला मी त्यांच्या बुडालेल्या भावाच्या बायकोपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.



"आता सांगता, सायेब? भिंतीला भिंत लागून घर आमचं. तीन वर्सं मी त्यांना घोटभर पानी नाय इचारलं."