कोपरा फाटलेलं पत्र

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी चुकांची माफी आधीच मागून ठेवते.

आमच्याकडे पोस्टमन येतो तो बँकेचा छापील कागद घेऊन. माझ्या नावाचं, पेनानं लिहिलेलं पत्र लग्नानंतर एकदाच आलं. मागच्या वर्षी, तूर सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत. निळं आंतरदेशीय पत्र होतं आणि त्याचा एक कोपरा नव्हता.

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कोणीतरी गेल्याचं पत्र. ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. अंगणात वाचायचं, तिथंच फाडायचं आणि आंघोळ करायची. आता असे निरोप फोनवरच येतात, पण सासूबाई जुनी रीत विसरल्या नव्हत्या.

"थांब! आतमंदी आनू नको," त्या दारातून ओरडल्या. चुलीवरची भाजी त्यांनी उतरवून ठेवली.

पाठवणाऱ्याचं नाव कोपऱ्याबरोबर गेलं होतं. खाली फक्त 'वीटभट्टी' एवढं उरलं होतं. माझा धाकटा भाऊ पुण्याकडे वीटभट्टीवर होता. आईच्या ऑपरेशनला सासूबाईंनी बकऱ्या विकून त्याला पैसे दिले होते. दिवाळीनंतर त्या त्याला फोनवर म्हणाल्या होत्या, "पैसे देनं होत नसन तर तोंड नको दाखवू." तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता.

शेजारची काकू कुंपणाशी आली. "कोन गेलं वं?"

"वाचू तं दे तिले," सासूबाई म्हणाल्या. "मोट्यानं वाच."

मला मनात वाचता येतच नाही. अक्षराला अक्षर लावून तोंडानंच वाचते. "ताई... मी... बरा आहे."

पुढचं दिसेना. डोळे भरून आले.

"तुया भाऊ हाय? मंग कोपरा काहून फाडला मेल्यानं? वाच पुढं."

मी वाचत गेले. "तुझ्या घरी फोन स्पीकरवर लावतात, म्हणून लिहितो. हे तुझ्यापुरतंच ठेव. तुझ्या सासूचा शब्द फार लागला. एक दिवस भट्टीमागच्या विहिरीवर जाऊन बसलो होतो. मग आई आठवली, उठून आलो."

अर्थ कळायच्या आत शब्द तोंडातून गेले होते. मान वर करायची हिंमत होईना. काकू कुंपणापासून निघून गेली.

सासूबाई पायरीवर बसल्या. आता माझं काय होतं, एवढंच माझ्या मनात होतं. मग त्यांनी पत्र मागितलं. त्यांना वाचता येत नाही. फाटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. तिथं वाळलेलं भाताचं शीत चिकटलेलं होतं.

"शितानं चिकटवलं वं पोट्ट्यानं. उंदरानं खाल्ला कोपरा," त्या म्हणाल्या. पत्र घेऊन त्या स्वतः उंबऱ्याच्या आत गेल्या आणि भाजी परत चुलीवर ठेवली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ आला. सासूबाईंनी त्याला समोर बसवून रस-पोळी वाढली आणि जेवण होईपर्यंत पैशांचा विषय काढू दिला नाही. हात धुतल्यावर त्यानं नोटा पुढं केल्या.

"सगळे हायेत मावशी. मोजून घ्या."

"मोजत नाई. आता फोन करत जाय बाप्पा, पत्र नको धाडू."

पैसे मात्र त्यांनी घेतले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले. देणं पुरतं फिटलं.